गरिबाची बंदूक

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहते, आणि बंदूक आलीच तर ती एखाद्या मोठ्या लढाईतली असते. सिंदखेडराजा पाहून आलेला मनुष्य लखुजी जाधवांच्या वाड्याची आणि जिजाऊंच्या जन्माची गोष्ट सांगतो. साखरखेर्डा पाहून आलेला मनुष्य १७२४ सालच्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाला तेथे कसे गाठले आणि दक्षिणेत निजामाच्या घराण्याची मुळे कशी रुजली, ते रंगवून सांगतो. हे सारे खरे आहे आणि सांगण्यासारखेही आहे. परंतु ज्या बुलढाणा जिल्ह्यात ह्या गोष्टी घडल्या, त्याच जिल्ह्यात ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे माळ्यावर रात्रभर जागलीला बसणाऱ्या माणसाच्या हातात काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. गोफण होती, टेंभा होता, पिटायला पत्र्याचा डबा होता. आणि गावात एखाद्याच्याच घरी, खुंटीला टांगलेली, बंदूक होती. आम्ही बोलणार आहोत ते ह्या खुंटीवरच्या बंदुकीविषयी.

तिच्या मालकापुढचा प्रश्न अगदी साधा होता. गाठीला पैसे थोडे, राखायचे शेत मोठे, आणि त्या काळी मनाई नव्हती म्हणून वर्षातून दोनचार वेळा तित्तर-लावे चुलीवर चढले तर हवेच. मग बंदूक घ्यावी तर कोणती घ्यावी? प्रश्न साधा म्हणून उत्तरही साधे असेल असे मात्र समजू नये. उत्तर जनावरावर अवलंबून असते, अंतरावर असते, दारूच्या भावावर असते, आणि आपल्या देशात तर ह्या सर्वांहून अधिक ते कायद्यावर अवलंबून राहिले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने कोणती बंदूक बाळगावी हे शेवटी त्याने ठरविले नाही, त्याच्या शेतातल्या डुकरानेही ठरविले नाही. ते सरकारी कागदाने ठरविले. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे.

हाच प्रश्न साता समुद्रांपलीकडचा शेतकरीही विचारीत आला आहे. अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. शिकारी झाडाच्या बुंध्याला टेकून बसतो, मादीच्या आवाजाची नक्कल करतो, आणि नर पिसारा फुलवून तीस-चाळीस पावलांवर आला की त्याच्या डोक्यामानेचा नेम धरून एकच बार टाकतो. ह्या कामाला दुनळी लागत नाही, चांदीचे नक्षीकाम लागत नाही. नळीचे तोंड जरा आवळलेले असावे, म्हणजे छर्रे पसरत न जाता एका ठिकाणी घट्ट पडतात. एवढा एक गुण असला की साधी एकनळी बंदूक महागड्या बंदुकीच्या बरोबरीने काम देते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडचा शेतकरी अशी एकनळी टपालाच्या सूचिपत्रातून, थोड्याशा डॉलरांत, घरबसल्या मागवीत असे. परवाना नव्हता, मामलेदार नव्हता. ह्या सुकाळाचा परिणाम असा झाला की रानटर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली. आणि १९३७ साली अमेरिकन सरकारने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविल्यानंतर ती हळूहळू परत आली. स्वस्त बंदुकीची ही दुसरी बाजू आम्ही मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती आपल्याकडेही भेटणार आहे.

ह्या टर्की पक्ष्याचा आणि आपला संबंध अगदीच नाही असे नाही. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून नवलाईच्या वस्तू घेऊन दरबारी आला, तेव्हा त्याच्याबरोबर हा पक्षी होता. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे बारकाईने वर्णन केले आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान, आणि गळ्याडोक्याचे मांस घटकेघटकेला रंग बदलणारे, असे काहीसे ते वर्णन आहे. उस्ताद मन्सूराने काढलेले त्याचे चित्र आजही पाहावयास मिळते. पोर्तुगीज भाषेत ह्या पक्ष्याला पेरू म्हणतात. आपण त्या नावाचे फळ खातो आणि पक्ष्याला इंग्रजी नावाने ओळखतो, ही एक गंमतच. असो. टर्की आली ती पिंजऱ्यातून आणि राहिली तीही खुराड्यातच. आपल्या रानात तिच्या जागी मोर होता, गवताळ माळावर माळढोक आणि तणमोर होते, आणि शेताच्या धुऱ्याला तित्तर, लावे, पखुर्डी होती. पण वऱ्हाडातल्या बंदुकीचा खरा धनी पक्षी नव्हे. तो रानडुक्कर आणि रोही.

आता मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडात बंदूक दुर्मिळ नव्हती. १८०३ सालापर्यंत हा मुलूख निजाम आणि नागपूरकर भोसले ह्यांच्या दुहेरी अमलाखाली भरडला जात होता. पेंढाऱ्यांच्या धाडी १८१७-१८ पर्यंत चालू होत्या. आणि पुढे निजामाच्या राज्यात अरब, रोहिले भाडोत्री शिपायांचा सुळसुळाट होता. गावोगावच्या पांढऱ्या गढ्या आजही ढासळत उभ्या आहेत, त्यांच्या भिंतींतल्या जंग्या पाहाव्या. त्या शोभेसाठी ठेवलेल्या नव्हत्या. त्यांतून तोड्याच्या बंदुका डोकावत. तोडा म्हणजे सुताची जळती वात. चाप ओढला की ती वात कानावरच्या रंजकीत उतरे, रंजक पेट घेई आणि मग बार उडे. धाडीच्या वेळी हीच बंदूक गढीवर, आणि सुगीच्या वेळी हीच बंदूक माळ्यावर. तिची नळी लांब, वजन जड, खाली टेकू दिल्यावाचून नेम धरणे कठीण. आणि पावसाची सर आली की तोडा विझला, खेळ खलास.

पुढे तोड्याची जागा टोपीने घेतली. नळीच्या बुडाशी एक बारीक पोकळ बोंडी, तिच्यावर तांब्याची स्फोटक टोपी, आणि वरून घोड्याचा आघात. आपल्याकडे ज्या बंदुकीला ठासणीची किंवा भरमार बंदूक म्हणतात ती बहुधा हीच. तिचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही, म्हणून जरा थांबू. एक लोखंडी नळी, तिचे मागचे तोंड पेचाने बंद केलेले. एक लाकडी दस्ता. एक घोडा, एक चाप. मोडली तर गावचा लोहार-सुतार दुरुस्त करू शके. दारू सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांची. छर्रे नसले तर शिशाचे तुकडे चालत, आणि शिसे नसले तर लोकांनी नळीत काय काय कोंबले ते न सांगितलेलेच बरे. दारूचे माप बोटांनी मोजत. गज आत सोडून तो तोंडाबाहेर किती बोटे राहतो ते पाहायचे, की कमीअधिक कळले. दारू, वर चिंधीचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासणे. काडतूस विकत घ्यायला नको, हा तिचा सर्वांत मोठा गुण. गरिबाला वस्तूची किंमत एकदाच परवडते. रोजचा खर्च परवडत नाही. घोडा घेणाऱ्याला हे कळते, आणि बंदूक घेणाऱ्यालाही.

अवगुणही मोजले पाहिजेत. एक बार उडाला की दुसरा भरायला चांगला मिनिटभर वेळ लागतो. तेवढ्यात डुकरांचा कळप पलीकडच्या शेतात जातो, आणि जखमी डुक्कर असेल तर तो पलीकडे न जाता माळ्याखाली येतो. काळ्या दारूचा धूर एवढा की बार लागला की हुकला ते धूर विरेपर्यंत कळत नाही. आणि खरिपाचे पीक उभे असते तो काळ पावसाचा आणि दवाचा. ज्या रात्री बंदूक हवी त्याच रात्री दारू सर्दावलेली. दोन बोटे दारू जास्त पडली आणि नळी जुनी असली तर फुटून मालकाचाच हात जाण्याची भीती. असे असूनही, पन्नास-साठ हातांवरून कळप उधळून लावायला हीच बंदूक शेतकऱ्याला पुरे होती. उधळून लावणे आणि ठार करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात ठेवावे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी हा कापसाचा मुलूख गहाण पडला, असे म्हटले तरी चालेल. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र अवस्था १९०२ च्या कायमच्या भाडेपट्ट्यानंतरही संपली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. त्यांसाठी वेगळे हुकूम निघत. परंतु मालकी कोणाची हा वाद दरबारात चालू असला, तरी शेतकऱ्याच्या हातून बंदूक काढून घेण्याच्या बाबतीत वऱ्हाड काही मागे राहिले नाही. सत्तावनचा उठाव मोडल्यावर सरकारने देश निःशस्त्र करण्याचे धोरण धरले, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. एवढेच नव्हे, शिसे, गंधक आणि सोरा ह्यांनाही ह्या कायद्याच्या कक्षेत आणण्याची सोय त्यात करून ठेवली होती. म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा जो जीव, घरगुती दारू, त्याच्यावरच बोट ठेवले. युरोपियनांना मात्र परवान्यातून सूट होती. ही वर्णभेदाची सवलत पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून गेली. आणि सरकारची मर्जी असेल तर नेटिवालाही सूट मिळे, हे कुर्गकडे पाहावे. तेथील लोकांना १८६१ पासून परवान्याशिवाय बंदूक ठेवण्याची मोकळीक मिळाली, ती आजतागायत टिकून आहे. कुर्गच्या रानडुकरात आणि बुलढाण्याच्या रानडुकरात काही फरक असल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

१८७० साली जलंबहून खामगावला आगगाडी आली. ती उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. खामगावचा कापूस मँचेस्टरला जाऊ लागला, आणि त्याच वाटेने बर्मिंगहॅमचा व लिएजचा माल इकडे येऊ लागला. मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक त्या मालात होती. बेल्जमच्या लिएज शहरात अशा स्वस्त बंदुका ढिगांनी होत, आणि जगातल्या गरीब गिऱ्हाइकांची ती पेठच होती. आपल्या देशात मुंगेरच्या कारागिरांचे नाव होते; १७६० नंतर बंगालचा नवाब मीर कासीम ह्याने तेथे शस्त्रशाळा उभारली, आणि त्या कसबाची परंपरा नवाब गेला तरी राहिली. तेव्हा माल नव्हता असे नाही. परंतु परवाना पाटील-देशमुखांना, मालगुजारांना, पेन्शनर अंमलदारांना मिळे. आणि कोरडवाहू पाचदहा एकरांचा धनी गोफण फिरवीत राही.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला. टिळकांनीही ह्यावर वारंवार टीका केली. पण आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट १९३० सालची वाटते. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी, त्या वर्षीच्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा, सारा निम्मा करा, ह्या मागण्या सर्वांना पाठ आहेत. अकरावी मागणी आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली द्यावे, ही होती. अहिंसेच्या प्रवर्तकाने ही मागणी का केली असावी? मनुष्याने शस्त्र न वापरणे आणि त्याला शस्त्र वापरताच येऊ नये अशी तजवीज परक्याने करणे, ह्यांतला फरक त्यांना ठाऊक होता, असे आम्ही समजतो. मिठाची गोष्ट चित्रात आली, पुस्तकात आली. ही मागणी विस्मरणात गेली.

आता निवडीच्या मुद्द्याकडे वळू. ज्याला परवाना मिळाला त्याच्यापुढे तीन वाटा होत्या: ठासणीची, काडतुसाची एकनळी, आणि काडतुसाची दुनळी. रायफलचा विचार शेतकऱ्याने करण्याचे कारण नव्हते, आणि ह्यात पैशाचाच प्रश्न नव्हता. चिखली-मेहकरकडचे पठार असो की पूर्णेकाठची सपाट काळी जमीन असो, गावे जवळजवळ आणि शेतांत माणसे. रायफलची गोळी चुकली तर मैलाच्या पुढेही जीव घेते. छर्र्याचा जोर थोड्या अंतरात संपतो. सपाट नळीची बंदूक म्हणून शेजाऱ्याच्याही हिताची.

त्यातही बारा बोअर हे माप रूढ झाले. बारा बोअर म्हणजे काय, ह्याचा उलगडा बंदूक बाळगणारेही पुष्कळदा करू शकत नाहीत, म्हणून सांगतो. नळीच्या आतल्या व्यासाएवढी शिशाची गोळी ओतली, तर अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते; तो व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोअरची नळी ह्याहून बारीक, आणि वीस बोअरची त्याहून. बारा बोअर घेण्यात शहाणपण होते ते असे की त्याचे काडतूस खामगाव-अकोल्याच्या दुकानात मिळे. दुसऱ्या मापाची बंदूक स्वस्तात पदरात पडली तरी तिच्या काडतुसासाठी मुंबईला पत्र लिहीत बसावे लागे. स्वातंत्र्यानंतर खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे आणि सरकारी आयुध कारखान्यांतली दुनळी आली, तेव्हा तर ही गोष्ट पक्कीच झाली.

काडतुसातले छर्रे ही खरी निवड. सहा नंबरचे छर्रे औंसाला सुमारे दोनशे सत्तर बसतात. तित्तराला ते ठीक, डुकराला ते अंगावर खडी फेकल्यासारखे. डुकरासाठी एस. जी., औंसाला अवघे आठ दाणे. चाळीस यार्डांवर तीस इंचांचे वर्तुळ काढले, तर आवळ तोंडाच्या नळीचे शेकडा सत्तर छर्रे त्यात पडतात, सरळ नळीचे चाळीस. म्हणून पाखरांसाठी आवळ नळी बरी म्हणतात. पण एकच गोळी किंवा मोठे दाणे टाकायचे तर सरळ नळीच निर्धोक. दुनळीची एक नळी सरळ आणि दुसरी आवळ ठेवण्याचा प्रघात ह्यातूनच पडला. दोन कामे एका परवान्यात. आमच्या मते पैसे असतील त्याला दुनळीच योग्य, आणि नसतील त्याने जुनी, घट्ट कुलुपाची एकनळी घ्यावी, असाच सल्ला त्या काळी कोणी जाणत्याने दिला असता. बिजागरीत ढिली झालेली दुनळी स्वस्त मिळते ती उगाच नव्हे. नळी उघडून उजेडाकडे धरावी, आत खड्डे दिसले की नमस्कार करून परत द्यावी.

येथे फासेपारध्यांचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. वऱ्हाडात सर्वांत स्वस्तात शिकार करणारे लोक हे. आणि त्यांना बंदूक लागतच नव्हती. फासे, जाळी, पाळलेला बोलका तित्तर, आणि ज्याच्या आडोशाने सावजाच्या जवळ जावे असा शिकविलेला बैल, एवढ्यावर त्यांचा संसार चाले. दारूचा एक कण खर्च न करता ते जे करीत ते साहेब लोकांना दोन हजाराच्या बंदुकीनेही साधत नसे. ह्या लोकांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले; तो डाग कागदावरून १९५२ साली पुसला गेला, मनातून पुसला गेला की नाही ते ज्याने त्याने आपल्या गावाकडे पाहून ठरवावे. अकोला-वाशीमकडच्या माळांवर आज तणमोर शोधून त्याची अंडी राखण्याच्या कामी ह्याच समाजाची नजर उपयोगी पडते आहे.

स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी, १९५९ साली, नवा शस्त्र कायदा झाला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे तेरावे कलम शेतकऱ्याने वाचण्यासारखे आहे. नागरिकाने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, नळी वीस इंचांहून आखूड नसलेली सपाट नळीची बंदूक मागितली, किंवा खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना अधिकाऱ्याने तो द्यावा, असे त्यात आहे. इतर बंदुकांसाठी सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे पीक राखायचे तर बंदूक ठासणीची, हे कायद्यानेच लिहून ठेवले. लिटनच्या कायद्यापेक्षा हे पाऊल पुष्कळ पुढचे, ह्यात शंका नाही. शेतकऱ्याच्या गरजेला प्रथमच नाव मिळाले. परंतु पृथ्वीभोवती मानवी उपग्रह फिरू लागल्यावर दोन वर्षांनी झालेल्या कायद्यात, गजाने ठासायची बंदूक शेतकऱ्याच्या वाट्याला आणि काडतुसाची बंदूक शहरी हौशीच्या वाट्याला, अशी विभागणी व्हावी हे आम्हांला खटकते. खेळणाऱ्याला बरी बंदूक, राखणाऱ्याला भरमार! कायदा करणाऱ्यांनाही ते थोडे खटकले असावे, कारण लगेच पुढे एक परंतुक जोडले आहे: ठासणीची बंदूक पीकरक्षणाला पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी सपाट नळीची बंदूक देता येईल.

ह्याची उलट बाजूही सांगणे प्राप्त आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांत देशभर धान्य वाढविण्याच्या मोहिमेत पीकरक्षणाच्या बंदुका सढळ हाताने दिल्या गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ बंदुकांनी शेताची सीमा ओळखली नाही. जीपगाडी आणि दिवा ह्यांच्या जोडीने काळवीटांचे कळप मारले गेले. माळढोकाची तीच गत. अमेरिकेत टर्कीचे जे झाले तेच येथे झाले. फरक एवढा की तिकडे बंदुकीच्या कराने पाखरू परत आणले, इकडे आपण बंदूकच बंद केली. १९१२ सालचा रानपाखरांचा कायदा, १९३५ सालचा मध्य प्रांतांचा शिकार कायदा, हे सारे मागे पडून १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तोपर्यंत बुलढाणा मध्य प्रांत-वऱ्हाडातून मध्य प्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला होता. मोराला १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळालाच होता. १९७२ च्या मूळ कायद्यात लहान शिकारीचा परवाना होता, त्यावर तित्तर-लावे मारता येत. १९९१ च्या दुरुस्तीने तोही गेला. तेव्हापासून चुलीवरचा तो रस्सा आठवणीतच राहिला, आणि आम्हांला त्याचे दुःख नाही. बुलढाणा-खामगावच्या मधल्या डोंगरात १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य झाले, आणि २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो कोस चालून तेथे येऊन राहिला. ज्या जिल्ह्यात हे घडू शकते त्याने बंदुका खाली ठेवल्या ह्याबद्दल पश्चात्ताप करण्याचे कारण नाही.

पण त्या अभयारण्याच्या पायथ्याशी ज्याचे शेत आहे त्याचे काय? रोही वाढले, डुकरे वाढली. उत्तरेकडे ह्या जनावराला नीलगाय म्हणतात आणि नावात गाय आहे म्हणून हात आखडतो. वऱ्हाडी माणूस त्याला रोहीच म्हणत आला, त्याला तो अडसर नाही. ज्वारी आणि भुईमूग सोडण्याचे कारण विचारले तर अनेक शेतकरी डुकरांचे नाव घेतात. शेताभोवती जुनी लुगडी बांधतात, झटका यंत्राच्या तारा ओढतात, फटाके फोडतात. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमात आहेच. आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर व रोही ह्यांच्या बाबतीत हा अधिकार स्थानिक वनाधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. कागद हाती आला. मारायचे कशाने? पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोंच्या घरातला; त्याच्यावर ठासणीच्या बंदुकीने छर्रे टाकणे म्हणजे त्याला आठ दिवस कुजत मरायला सोडणे. ते शेतकऱ्यालाही नको असते.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. हल्ली त्यात छाननी होते, सरसकट सर्वांच्या घेत नाहीत. तरी ज्याची जाते त्याची जातेच. विधानसभेच्या गेल्या तीन निवडणुकांचे मतदान १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९ आणि २० नोव्हेंबर २०२४ ह्या दिवशी झाले. ह्या तारखा पंचांगात पाहाव्या: सोयाबीन काढणीला, कापूस बोंडावर, तूर फुलावर, ज्वारी पेरली असेल तर निसवायला. डुकरे शेतात, आणि बंदूक ठाण्यात.

१९५९ च्या कायद्यातले ते परंतुक अजून जागेवर आहे. ठासणीची बंदूक पुरेशी की नाही हे ठरविण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आहे, आणि त्यांची कचेरी बुलढाण्यातच आहे. ज्याला अर्ज करायचा असेल त्याने शेताचा उतारा, पीकपाहणी, वनखात्याकडे केलेल्या नुकसानीच्या तक्रारींच्या पोचा आणि पंचनाम्याच्या नकला जोडाव्या, आणि कोणत्या जनावराने, किती वेळा, कोणत्या महिन्यात नुकसान केले ते तारखांसह लिहावे. नुसते 'पीकरक्षणासाठी' एवढेच लिहिले तर मिळणारी बंदूक गजाचीच असते.